वाळल्यावरचा रंग

माझ्या माहेरच्या शहरात कमानिया गेटातून आत शिरून सराफ्याकडे चालू लागलं, की एका बोळाच्या तोंडाशी पूजेच्या सामानाचं जुनं दुकान लागतं. आत कापूर, वाती, हळदीकुंकू; बाहेर पायरीवर तोंडं उघडी ठेवलेली पोती. एकात गेरू, एकात पिवळी रामरज, एकात छुहीचे गोळे. भिंती पोतायच्या पांढऱ्या मातीला इकडे छुही म्हणतात. आजूबाजूला सगळं बदललं, दागिन्यांच्या दुकानांना काचा आल्या, काचांना दिवे आले. ही पोती मात्र अजून तिथंच, पायरीवर.

परवा नागपूरहून आले ती स्टेशनावरून सरळ तिथंच गेले. माझ्या मोठ्या बहिणीने, शीलाताईने, फोनवर बजावलं होतं, "घरी मग ये, आधी माती घे. पाइप गळून विहाराच्या भिंतीचा एक तुकडा गेलाय. दसऱ्याच्या आत भरून काढायचाय."

दुकानदार रामरज तोलत होता तेवढ्यात एक चुकार सर आली. त्याने घाईने पोत्यांवर प्लास्टिक ओढलं, तरी काही थेंब पडलेच. पिवळ्या मातीवर थेंब पडला की तेवढ्यापुरता गडद ठिपका उमटायचा. मी पाहत उभी राहिले. त्याला वाटलं, मला मालाची शंका आली.

"दीदी, पानी है बस. सूख जाएगा तो वैसा का वैसा."

"मालूम है भैया," मी म्हटलं.

पुडी नाकाशी नेली. कोरड्या मातीला वास जवळजवळ नसतोच. पण त्या भिजल्या ठिपक्यांतून जो वास वर आला, तो आमच्या फॅक्टरीच्या कॉलनीतला होता. त्या वर्षीच्या भादव्यातला, ताई कॉलेजात गेली त्या वर्षीचा.

आमची कॉलनी म्हणजे एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा. पहाटे भोंगा वाजला की सायकलींची नदी फॅक्टरीच्या दिशेने वाहायची आणि संध्याकाळच्या भोंग्याला उलटी फिरायची. त्या नदीत आमचे बाबाही असायचे. भंडारा, वर्धा, गोंदिया या बाजूंनी आलेली आम्हा बौद्धांची काही घरं एका टोकाला होती. दाराबाहेर हिंदी, दाराच्या आत मराठी. भांडणाला हिंदी, रडायला मराठी, असं आई म्हणायची.

विहार आम्ही स्वतः बांधला. हे वाक्य लिहिताना अजूनही माझी पाठ ताठ होते. ड्यूटीवरून आलेले पुरुष पाया खणत, रविवारी बाया रांग धरून हातोहात विटा पुढे देत. आमची आई, वेणूबाई, त्या रांगेत असायची. ओल्या सिमेंटचा वास, गुळाच्या चहाचा वास, विटेच्या लाल पुडीने भरलेले पदर. छत पडलं, पुढे पत्र्याची पडवी आली, प्लॅस्टर झालं. उरली ती पडवीतली समोरची भिंत. राखाडी, उघडी. तिच्यावर काय करायचं, याची बैठक भरली आणि ताई उठून म्हणाली, "भिंत मला द्या. मी बोधिवृक्ष काढते. मातीच्या रंगांत."

शीलाताई आमच्या रांगेतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. भूगर्भशास्त्र शिकत होती. चित्र तर ती चालता चालता काढायची, बसच्या तिकिटाच्या मागे, धुक्याने भरलेल्या काचेवर. तिला भिंत द्यायला कोणाचीच ना नव्हती. अडलं ते 'माती' या शब्दाशी.

गजभिये काका कमिटीचे अध्यक्ष होते. विहारासाठी सगळ्यांत जास्त विटा वाहिल्या त्यांनीच. ते ताईला समजावणीच्या सुरात म्हणाले, "पोरी, मातीच्या घरातून उठून आलो न आपण इथं. आता भिंतीले पुन्हा मातीच लावू काहून? ऑइल पेंट लावू. चमकलं पाहिजे. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, पक्क्या लोकांचं पक्कं घर हाय म्हणून."

"काका, चमकणारा रंग वरून बसतो, अन् वरूनच सोलून निघतो," ताई म्हणाली. "ही माती प्लॅस्टरात मुरते. डोंगरातल्या गुहांमधे हिचीच चित्रं आहेत, अजून शाबूत."

काका हनुवटी खाजवत म्हणाले, "दसऱ्यापर्यंत करून दाखव. नाही जमलं तर वरून पेंट मारू. बोल, कबूल?"

"कबूल."

घरी मात्र वेगळंच वाढून ठेवलेलं होतं. आईने चुलीशी बसूनच, मागे न वळता विचारलं, "सारं जग सोडून मातीच सुचली तुले?"

"का गं आई?"

"माह्या हाताले जन्मभर मातीच होती. तुह्या हातात पेन आला, मले वाटलं सुटलो. अन् तू पुन्हा मातीच घेऊन बसून राहिली." तिने कढईतला झारा खाली ठेवला. "मी हात नाही लावणार. सांगून ठेवते."

ती नुसतं बोलून थांबणाऱ्यांतली नव्हती. तिने खरोखरच हात लावला नाही.

माती आणायला बाबा आम्हा दोघींना मझौलीच्या बाजाराला घेऊन गेले. परतीच्या बसमधे पोती आमच्या पायांशी होती आणि आमच्या चपला, बोटं, वेण्यांची टोकं सगळी पिवळी झाली होती. मग अंगणात आमचा कारखाना सुरू झाला. माती कुटायची, पाण्यात घोळायची, खडे खाली बसू द्यायचे, वरचं गढूळ पाणी फडक्यातून गाळायचं. ते निवळलं की तळाशी लोण्यासारखा जो गाळ राही, तो आमचा रंग. रंग भिंतीला धरून राहावा म्हणून बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून उकळला की त्याचा गोडसर, किंचित आंबूस वास सगळ्या रांगेत पसरायचा. शेजारच्या तिवारी चाची कुंपणावरून विचारायच्या, "क्या पक रहा है, बिटिया?"

एका दुपारी ताईने पिवळ्या मातीचा खडा शेगडीवर तव्यात टाकला. "आता पाहा." पिवळा खडा आधी केशरी झाला, मग कडेकडेने लालसर, आणि पाहता पाहता पुरता गेरू झाला. मी तोंडात बोट घातलं.

"या मातीच्या पोटात पाणी आहे," ताई म्हणाली. "वरून लागलेलं नाही, आतलं. तिच्या कणाकणात बांधलेलं. त्या पाण्यानं ती पिवळी आहे. ते गेलं की लाल."

"मग लाल माती पाण्यात टाकली तर परत पिवळी होईल?"

"नाही. वरचं पाणी येतं-जातं. ओली माती गडद दिसते, वाळली की आपल्या मूळ रंगावर येते. पण आतलं पाणी एकदा गेलं की गेलं."

आई दारात धान्य पाखडत होती. सूप हातात थांबलं होतं. आम्ही पाहिलं तसं ते पुन्हा चालू झालं.

कमी भाजलं की नारिंगी, जास्त भाजलं की मरून. कवेलूच्या, म्हणजे कौलाच्या, तुकड्यांवर आम्ही एकेका रंगाची बोटं ओढली आणि ओसरीत ओळीने मांडून ठेवली. ओला गेरू काताच्या रंगाचा दिसायचा, वाळला की नव्या विटेचा. ओली रामरज मोहरीच्या तेलासारखी, वाळलेली बेसनासारखी. सगळ्यांत चमत्कारिक होती छुही. ओली असताना ती दिसायचीच नाही. मळकट पाणी फासल्यासारखं वाटायचं. आणि वाळता वाळता पांढरी शुभ्र होऊन वर यायची. ताई ओल्या रंगाकडे पाहायचीच नाही. तिचं सगळं चित्र वाळलेल्या रंगांच्या हिशोबाने डोक्यात तयार होतं.

आम्ही भिंतीला हात घातला तेव्हा भादवा निम्मा सरला होता. मी खालची वेलबुट्टी करायची, ताई वर बांबूच्या घोडीवर. खोड काजळी आणि गेरूचं. फांद्यांवर लाल, नारिंगी, पिवळी पानं. गजभिये काका येऊन म्हणाले, "पिंपळ हिरवा असते वं पोरी."

"कोवळी पालवी लालच असते काका. बाहेर जाऊन पाहा."

काका खरंच बाहेर गेले, रस्त्यापलीकडच्या पिंपळाखाली मान वर करून उभे राहिले, आणि तिथूनच घरी गेले.

झाडामागे ताईने छुहीचा मोठा गोल भरला, पौर्णिमेचा. भरला तेव्हा तो दिसला नाही. नुसती ओल दिसली.

आणि मग पाऊस मुक्कामालाच आला. थेट भिंतीवर येत नव्हता, पडवी होती, पण नव्या प्लॅस्टरने खालून पाणी ओढलं, हवेने वरून दिलं. भिंत वाळेचना. खोडाचा खालचा भाग काळा ठिक्कर, वरच्या फांद्या अर्ध्या वाळून फिक्या. एका बाजूची पानं गडद, दुसऱ्या बाजूची उडालेली. मधोमध एक मळकट, पाणावलेलं वर्तुळ. सगळं चित्र एखाद्या डागाळलेल्या चादरीसारखं दिसू लागलं. लोक येत, पाहत, चुकचुकत. कोणी टोचून बोलत नव्हतं, त्याचंच जास्त लागायचं. ताई जेवत नव्हती. मी तिला म्हटलं, सांग न सगळ्यांना की वाळल्यावर ठीक होईल. ती म्हणाली, "सांगितलं. पण मलाही आता रोज थोडं कमी खरं वाटून राहिलं."

दसरा जवळ आला. बैठक बसली. पेंटचा डबा पडवीत आणून ठेवलेला होता, निळा.

गजभिये काकांचा आवाज नरमच होता. "शीला, मेहनत केली तू, कोणी नाही म्हणत नाही. पण दसऱ्याला बाहेरगावचे पाव्हणे येतील. मधे हे भोक पडल्यासारखं दिसते. आपल्या विहाराचं हसू व्हायला नको. उद्या सकाळी पेंट मारून घेऊ."

ताईने मान खाली घातली.

तेव्हा बायांच्या बाजूने आई उठली. बैठकीत ती कधी बोललेली नव्हती. पदर सावरून तिने विचारलं, "मी बोलू का?"

"बोला न वेणूबाई."

"लहानपणी आमच्या गावात सण आला की आमा बायांले मोठ्या घरच्या भिंती पोताले बोलावत. बाहेरच्या भिंती. आतल्या नाही." ती भिंतीकडे पाहून बोलत होती, आमच्याकडे नाही. "गेरूचा पट्टा, पिवळीचा हात, समदं आमचंच. भिंत ओली हाय तोवर आमी तिच्यापाशी उभं राहिलो तं चालत होतं. काम होतं न. हात धुतले, की चाला. वाळल्यावर तिथं थांबलो तं बाट. रस्त्यानं जाताना मान खाली. इतक्या भिंती रंगवल्या म्या, पण वाळलेला रंग कसा दिसते, हे मले आजवर मालूम नाही."

तिने समोरच्या भिंतीकडे हात केला.

"ही पहिली भिंत हाय जिच्यापासून मले कोणी उठवत नाही. हिची वीट माह्या हातातून गेली. वाळू द्या तिले. मले पाहू द्या एकदा. मंग कोणता पेंट मारायचा तो मारा."

ती खाली बसली. आम्ही दोघी बहिणी तिच्याकडे पाहतच राहिलो. घरी तिने यातलं एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं.

गजभिये काका उठले. पेंटचा डबा त्यांनी स्वतः उचलला, आतल्या खोलीत नेऊन ठेवला, परत आले आणि म्हणाले, "वाळू द्या."

त्या दिवसापासून घरचं आवरलं की आई विहारात जायची. अंगणातल्या कडुनिंबाखाली पोतं टाकून, विणायचं स्वेटर मांडीवर घेऊन, भिंतीसमोर बसायची. हळूहळू इतर बायाही येऊन बसू लागल्या. तांदूळ निवडत, लसूण सोलत, भिंतीवर नजर ठेवून. ढग होते, मग विरळ झाले. एके सकाळी हवेतला चिकटपणा गेलेला जाणवला. नर्मदेकडून कोरडा वारा आला आणि दोरीवरची धुणी फडफडली.

भिंत वरून खाली वाळत आली. आधी शेंडा. काळपट पानं एकेक करून आपल्या रंगावर आली: विटेचा लाल, संत्र्याचा नारिंगी, बेसनाचा पिवळा. ओलीची रेघ रोज थोडी खाली सरकायची, जशी तलावाची पातळी उतरावी. उडालेली वाटलेली पानं आणि काळी वाटलेली पानं एकाच रंगाची निघाली. आणि एका दुपारी आईने सुया खाली ठेवल्या. "शीले," तिने हाक मारली, "इकडं ये वं. हे काय निघून राहिलं?"

फांद्यांमागे, त्या मळकट वर्तुळाची वरची कड पांढरी झाली होती. संध्याकाळपर्यंत अर्धा चंद्र वर आला. दुसऱ्या दिवशी पुरा. छुहीचा, थंड, दुधासारखा पांढरा. आणि त्याच्या पुढ्यात लाल पालवीचा पिंपळ. कॉलनीतली पोरं धावत घरोघरी सांगत सुटली, "विहार में चाँद निकल आया!"

गजभिये काका आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "हा कधी काढला तू?"

"तेव्हाच काका. ओला होता, म्हणून दिसत नव्हता."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "चमकत नाही हा," ते म्हणाले, "पण दुरूनही दिसते."

दसऱ्याच्या सकाळी पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे घातलेली माणसं अंगणात दाटली. आई भिंतीपाशी गेली आणि तळवा सबंध टेकवून उभी राहिली. मग हात फिरवून पाहिला. डिंक पक्का बसला होता, तळव्याला काही लागलं नव्हतं. बाबा माझ्या शेजारी होते. ते हळूच म्हणाले, "पाह्य, तुही माय कशी उभी हाय." आणि खरंच, तशी उभी राहिलेली आई मी आधी पाहिली नव्हती. मान वर, पाय रोवलेले, जाण्याची घाई नाही.

ताई पुढे शिक्षिका झाली, आता निवृत्त आहे. मी लग्न करून नागपूरला गेले. बाबा गेले, गजभिये काका गेले. आई असेपर्यंत दर पावसाळ्यानंतर भिंत वाळताना पाहायला जाऊन बसायची. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. विहार मोठा झाला, पडवीचं सभागृह झालं, आणि ती भिंत आता आतली भिंत आहे.

काल आम्ही दोघी तिथं गेलो. पाइप गळून खोडाच्या बुंध्याचा हातभर तुकडा निघून गेला होता. ताईचे गुडघे दुखतात; ती खुर्चीवर बसून रंग सांगत होती, मी लावत होते. सोनाली जवळ उभी होती. ती आताची सेक्रेटरी, कॉलनीत वाढलेली, बँकेत नोकरीला. मराठी सगळं समजतं तिला, बोलताना हिंदी येते.

नवा तुकडा जुन्याशेजारी काळाकुट्ट दिसत होता. सोनाली काळजीने म्हणाली, "दीदी, ये तो मैच नहीं हो रहा." मग थोडं थांबून, "पेंटर बोल रहा था, पूरी दीवार पे क्लियर वार्निश मार दें तो रंग खिल जाएगा. बहुत फीका हो गया है ना."

ताईने क्षणभर डोळे मिटले. रागावेल असं मला वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "वार्निश मारलं तर भिंत कायमची ओली दिसेल गं. फिका नाही हा. वाळलेला आहे." आणि मग तिने सोनालीला आईची ती बैठक सांगितली, आईच्याच शब्दांत, मले-तुले करत. सोनाली ऐकत राहिली. तिची आजीही त्या बायांत होती, लसूण सोलत बसणाऱ्या. ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

गोष्ट संपल्यावर सोनाली भिंतीच्या खालच्या कडेला वाकून काही शोधू लागली. "नाम कहीं नहीं लिखा है."

"नाही लिहिलं. सगळ्यांची भिंत होती."

"तो अब लिखते हैं ना. आपका."

"माझं नको," ताई म्हणाली. "रंगवली आम्ही दोघींनी. राखली आईनं."

सोनालीने माझ्या हातातला कुंचला मागून घेतला. तिला कुंचल्याने लिहायची सवय नाही. गेरूत बुडवून, ओठ दाबून, तिने झाडाच्या मुळाशी एकेक अक्षर काढलं आणि प्रत्येक अक्षराला आमच्याकडे वळून पाहिलं. 'वे'ची मात्रा जरा आडवी गेली. आम्ही दुरुस्त केली नाही.

वेणूबाई. अक्षरं ओली होती, काताच्या रंगाची. सोनालीने पंखा लावायला हात वर केला आणि ताईने तिला अडवलं. खुर्च्या ओढून आम्ही तिघी भिंतीसमोर बसलो.